सल्ला: लेक फ्रायबुर्गला निघाली, बॅगेत काय भरू?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी इथेच जन्मलेली, अमेरिकन पासपोर्टवाली, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सप्टेंबरच्या शेवटी ती एक्स्चेंजवर वर्षभरासाठी जर्मनीत फ्रायबुर्गला चालली आहे. "आई, मला व्हिसासुद्धा लागत नाही, तू कशाला काळजी करतेस?" एवढंच तिचं उत्तर. मी मात्र मिक्सर, कुकर, डोकेदुखीच्या गोळ्यांची मोठी बाटली, साजूक तूप असं बाजूला काढून ठेवलं आहे. नाताळात ती घरी येईल म्हणून तिकीटही बघते आहे. आम्ही पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याहून अमेरिकेत आलो, युरोपातलं काहीच ठाऊक नाही. काय पाठवू, काय नको, आणि तिने तिथे पोचल्यावर आधी काय करावं?

उत्तर: नमस्कार. नाताळचं तिकीट अजून काढलं नसेल तर जरा थांबा. तुमच्या पत्रातली सगळ्यांत नाजूक गोष्ट तीच आहे.

लेकीचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. अमेरिकन नागरिकाला जर्मनीत व्हिसाशिवाय उतरता येतं आणि राहण्याचा परवाना तिथे गेल्यावर मागता येतो, पण त्यासाठी ९० दिवसांची मुदत असते. (तिच्याबरोबर भारतीय पासपोर्टवाली एखादी मैत्रीण जाणार असेल, तर ग्रीन कार्ड असलं तरी तिला ही सवलत नाही. तिने निघण्यापूर्वीच जर्मन वाणिज्य दूतावासातून विद्यार्थी व्हिसा घ्यायचा.) समजा लेक २० सप्टेंबरला उतरली. तिचा नव्वदावा दिवस १८ डिसेंबरला येतो. त्याआधी परदेशी नागरिकांच्या कचेरीत, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, अर्ज दाखल झाला की निकाल लागेपर्यंत तिचं राहणं कायदेशीर असतं. पण अर्ज स्वीकारल्यापासून परवान्याचं कार्ड हातात येईपर्यंत कित्येक आठवडे जातात, आणि मधल्या काळासाठी मिळणारा तात्पुरता कागद राहण्यापुरता असतो. व्हिसाशिवाय आलेल्यांना मिळणाऱ्या त्या कागदावर देशाबाहेर जाऊन परत आत येता येत नाही. म्हणजे २० डिसेंबरला ती तुमच्याकडे आली आणि कार्ड अजून छापून आलं नसेल, तर जानेवारीत विमानतळावरचा अधिकारी तिचे ९० दिवस संपल्याचं दाखवू शकतो. दर वर्षी मुलं इथेच अडकतात. म्हणून अर्ज ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच जायला हवा, आणि तिकीट बदलता येण्याजोगं घ्या, किंवा या नाताळात तुम्हीच तिकडे जा. आणखी एक: "जाताजाता ऑगस्टमध्ये इटली बघते" असा बेत असेल तर तो रद्द करा. इटलीतले दिवसही त्या नव्वदांतूनच वजा होतात.

अर्ज लवकर करायचा तर त्याआधीची कागदांची साखळी ओळीने जुळावी लागते. तुमच्या पिढीला रेशनकार्ड आठवत असेल. गॅस हवा, रेशनकार्ड आणा. फोन हवा, रेशनकार्ड आणा. जर्मनीत तो मान पत्त्याच्या नोंदणीला आहे. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्यूर्गरआम्ट नावाच्या नागरी कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा. याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी भाडेकरार पुरत नाही. 'ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते' असं घरमालकाच्या सहीचं वेगळं पत्र लागतं. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. हा शब्द पाठ करायची गरज नाही, पण तो कागद किल्लीबरोबरच मागून घ्यायचा. वसतिगृहात तो मागितला की मिळतो. खासगी घरमालक "नोंदणी करायची नाही" असं म्हणाला तर ती खोली घ्यायचीच नाही, कारण नोंदणीचा दाखला नसला की पुढचं बँक खातं आणि परवाना, सगळंच अडतं. कचेरीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे झुंबड असते, तेव्हा पत्ता कळला की अमेरिकेतूनच वेळ बुक करावी.

मग टपालपेटी. जर्मन पोस्टमन फ्लॅटचा नंबर बघत नाही, पेटीवरचं आडनाव बघतो. नाव नसलं तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात येतो, विमा कार्ड टपालाने, टॅक्स नंबर टपालाने. "कार्ड आलंच नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथे उगम पावते. पहिल्या दिवशी साध्या कागदावर आडनाव लिहून चिकटपट्टीने लावलं तरी काम होतं. आडनाव पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं.

परवान्यासाठी पासपोर्ट, पत्त्याचा दाखला, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, आरोग्य विमा आणि वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. फी साधारण १०० युरो. अमेरिकेतून दोन इंच बाय दोन इंच फोटो काढून नेऊ नका. तिथलं माप ३५ बाय ४५ मिलिमीटर, आणि मे २०२५ पासून फोटो डिजिटलच चालतो. तो कचेरीतल्या यंत्रावर किंवा मान्यताप्राप्त फोटोवाल्याकडे काढायचा.

खर्चाच्या सोयीसाठी बहुतेक जण श्पेरकोंटो उघडतात, म्हणजे पैसे आधी भरायचे आणि दरमहा ठरावीक रक्कमच मोकळी व्हायची. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा वर्षाला ११,९०४ युरो, महिना ९९२ असा आहे. शिष्यवृत्तीचं किंवा एक्स्चेंज कार्यक्रमाचं पत्र कचेरीने मान्य केलं तर हे टळू शकतं, तेव्हा पैसे अडकवण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला लेखी विचारून घ्या. आणि खातं उघडलंत, तर अमेरिकन कायद्याची एक खोच आहे. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबीएआर नावाचा अहवाल अमेरिकेच्या कोषागाराकडे ऑनलाइन भरावा लागतो. श्पेरकोंटो पहिल्याच दिवशी ती रेघ ओलांडतं. फॉर्म फुकट आहे, कर लागत नाही, मुदत १५ एप्रिल आणि ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. तो तुमच्या टॅक्स रिटर्नबरोबर जात नाही, वेगळा भरायचा, आणि खातं लेकीच्या नावावर असल्यामुळे तिच्या नावाने. दंड मोठा आहे, विसरू नका.

बँकेतही अमेरिकन असण्याची किंमत मोजावी लागते. जर्मन बँकांना अमेरिकन खातेदारांची माहिती कळवावी लागते. काही बँका ती कटकट नको म्हणून नकारच देतात. नकार आला तर दुसऱ्या बँकेत जायचं, वाद घालत बसायचं नाही. सोशल सिक्युरिटी नंबर जवळ हवा आणि अमेरिकन करखात्याचा डब्ल्यू-९ फॉर्म भरायची तयारी हवी. खातं सुरू होईपर्यंतचे तीनचार आठवडे निभावायला परदेशी व्यवहाराचं शुल्क न लावणारं डेबिट कार्ड आणि ३००-४०० युरो रोख द्या. एटीएम विचारतं, "डॉलरमध्ये रूपांतर करू का?" तिथे नाही म्हणायचं आणि युरोच निवडायचे. हो म्हटलं की दर त्या यंत्राचा लागतो. बेकरीत, छोट्या उपाहारगृहात अमेरिकन क्रेडिट कार्ड चालेलच असं नाही.

विम्याबद्दल थोडक्यात: प्रवासी विमा चालत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी पद्धतीचा विमा महिना साधारण १४० ते १५० युरोंना मिळतो. कार्यक्रमाचा अमेरिकन विमा असेल तर तो मान्य आहे का हे विद्यापीठ सांगतं. मात्र सरकारी विम्यातून सूट एकदा घेतली की त्या शिक्षणाच्या काळात परत फिरता येत नाही. पुढे जर्मनीतच मास्टर्स करायचा विचार असेल तर त्या कागदावर सही करण्याआधी नीट चौकशी करावी.

आता तुमच्या बाजूला काढलेल्या ढिगाकडे येऊ. न्यू जर्सीतला मिक्सर ठेवून द्या. तो १२० व्होल्टचा, जर्मनीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. साधा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. मिक्सर काही सेकंदांत जळेल. राइस कुकर, इन्स्टंट पॉट, हेअर ड्रायर, केस सरळ करायचं यंत्र, सगळ्यांचं तेच. ट्रान्सफॉर्मर न्यायचा तर ७५० वॅटच्या मिक्सरला हजार वॅटच्या वरचा लागेल, म्हणजे बॅगेत कित्येक किलोंचा दगड. गंमत अशी की पुण्याहून आणलेला मिक्सर तिथे बिनधास्त चालतो, कारण भारतातही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच. फक्त भारतीय तीन गोल पिनांचा प्लग जर्मन शुको सॉकेटमध्ये बसत नाही. बाजूला अर्थिंगच्या पट्ट्या असलेला अडॅप्टर घ्या, दोन बारीक पिनांचा स्वस्तातला नको. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर बारीक अक्षरांत '१००–२४० व्होल्ट' लिहिलेलं असतं. त्यांना साधा अडॅप्टर पुरतो.

शिट्टीचा कुकर चालेल, पण बूड सपाट हवं. वसतिगृहात शेगडी इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते घरीच बघा. काचेची साधी विजेची शेगडी असेल तर ती बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, तेव्हा शेवटच्या शिट्टीच्या जरा आधी बंद करायची. आणि रात्री दहानंतर कुकर नको. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते, रविवारी दिवसभर, आणि शेजारी ती मनावर घेतात.

साजूक तूप अजिबात पाठवू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या बॅगेतूनही चालत नाहीत आणि पार्सलनेही. पेढे, खवा, चीज सगळं त्यात आलं. ताजा कढीपत्ता आणि आंबेही रोपांच्या आरोग्य प्रमाणपत्राशिवाय जात नाहीत. गोडा मसाला, भाजणी, चकल्या खुशाल द्या. नंतर पार्सल पाठवाल तेव्हा घरगुती भेट ४५ युरोंपर्यंत करमुक्त असते. त्याहून जास्त किंमत लिहिली तर तिला कर भरावा लागेल आणि कदाचित कस्टमच्या कचेरीत खेटे घालावे लागतील. तुपाची चिंता करू नका. कुठल्याही सुपरमार्केटात 'बुटरश्माल्त्स' मागा, ते कढवलेलं लोणीच. चाळीस टक्के फॅटचा 'क्वार्क' कापडात तासभर टांगला की चक्का तयार. 'रोटे लिन्झेन' म्हणजे मसूर डाळ. पिठाच्या पुड्यावर नंबर असतो: ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा, पोळ्यांसाठी १०५० घ्यावं आणि त्यात थोडं 'फोल्कोर्न' (कोंड्यासकट दळलेलं पीठ) मिसळावं. तूरडाळ आशियाई दुकानात मिळते.

गोळ्यांची बाटली चालेल, वापरापुरती. अमेरिकेत वाढलेल्या मुलीला एक नाव शिकवून ठेवा: अमेरिकेतलं ॲसिटामिनोफेन म्हणजे जर्मनीतलं पॅरासिटामॉल. तुम्हाला ते सांगायला नको, पण तिला ही दोन वेगळी औषधं वाटली तर ती दोन्ही एकदम घेईल आणि यकृतावर बेतेल. डोकेदुखीची गोळीसुद्धा जर्मनीत सुपरमार्केटात किंवा ड्रोगेरीत (साबण-शांपूच्या दुकानात) मिळत नाही, फक्त अपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, मिळते, आणि रविवारी पाळीवरचंच अपोथेके उघडं असतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं टपालाने मागवता येत नाहीत. ती बरोबरच न्यावी लागतात, मूळ डबीत, डॉक्टरांच्या पत्रासह. एकाग्रतेसाठी ॲडरॉल घेणाऱ्या मुलांनी तर महिनोन्‌महिने आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण ते औषध जर्मनीत मिळतच नाही, पर्यायी औषधावर जावं लागतं. तातडीच्या मदतीचा नंबर ११२. दवाखाने बंद असताना, जिवावरचं नसेल तर ११६११७.

युरोपातलं काहीच ठाऊक नाही, असं लिहिलंत, पण तुमचा अनुभव तिथे पुष्कळ कामाचा आहे. लेकीच्या अमेरिकन सवयींपेक्षा तुमच्या पुण्याच्या सवयी तिथे जास्त जुळतील. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी: ०४.१०. म्हणजे चार ऑक्टोबर. ती दहा एप्रिल वाचेल आणि मुदत चुकवेल. तळमजला म्हणजे शून्य, पहिला मजला त्याच्या वर. तापमान सेल्सिअसमध्ये, अमेरिकन पाककृतीतले ३५० अंश म्हणजे तिथल्या ओव्हनवर १७५ ते १८०. आकडे म्हणताना जर्मन माणूस 'एक-आणि-वीस' म्हणतो, आपलं एकवीस तसंच. इंग्रजीत विचार करणारी मुलं फोन नंबर लिहून घेताना हमखास ५३ चे ३५ करतात. आणि वेळ! 'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच. शब्दशः 'अर्धे तीन', आणि आपलं अडीचही मुळात 'अर्धतृतीय'च, तिसरा अर्धा. अमेरिकन कान ते साडेतीन ऐकतो आणि माणूस तासभर उशिरा पोचतो. लेकीला घरात बोलताना दीड-अडीच कळत असेल तर हे एका मिनिटात समजेल.

पैशांत स्वल्पविराम आणि टिंब उलटे असतात: १.२५०,०० म्हणजे साडेबाराशे. हाताने लिहिलेला जर्मन एक हा सातासारखा दिसतो. खरा सात ओळखायचा तो मधल्या आडव्या रेघेवरून.

अभ्यासात सगळ्यांत मोठा घोटाळा गुणांचा होतो. अमेरिकेत ४.० जीपीए म्हणजे अव्वल. जर्मनीत १.० अव्वल आणि ४.० म्हणजे कसाबसा पास, ५.० नापास. तिथून "४.० मिळाले" असा फोन आला तर पेढे वाटू नका. बऱ्याच विषयांत अधूनमधून चाचण्या नसतात, गृहपाठ कोणी गोळा करत नाही, सगळे गुण शेवटच्या एका परीक्षेवर किंवा सुट्टीत लिहायच्या निबंधावर. अमेरिकन मुलं डिसेंबरपर्यंत निवांत असतात आणि मग धावपळ होते. त्याहून वाईट म्हणजे, तासांना नाव नोंदवलं म्हणून परीक्षेला नाव लागत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची मुदत सत्राच्या मध्येच कधीतरी, आणि ती चुकली की परीक्षेला बसता येत नाही. सत्राच्या पहिल्या आठवड्यातच तारीख शोधून फोनमध्ये टाकायला सांगा. वेळापत्रकात '१० सी.टी.' लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, 'एस.टी.' असेल तर ठोक्याला. हिवाळी सत्राचे तास ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, परीक्षा त्याला लागूनच. ३० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) म्हणजे ढोबळमानाने १५ अमेरिकन क्रेडिट, पण आपलं कॉलेज नेमकं किती धरणार हे निघण्यापूर्वी लेखी घ्या.

रोजच्या जगण्यातलं बाकीचं ती आठवड्यात शिकेल. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी दूध-भाजी आणून ठेवायची. अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं. प्लॅस्टिकच्या एकदा वापरायच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, पूर्वी आपल्याकडे सोड्याच्या बाटलीवर असे तशी. बाटली चेपायची नाही, नाहीतर यंत्र ओळखत नाही. काच टाकायचे रंगवार डबे असतात, त्यातही रविवारी टाकायची नाही. खिडकी दिवसातून दोनतीनदा पाचदहा मिनिटं सताड उघडायची, थंडीतसुद्धा. फोडणी आणि आंघोळीची वाफ बंद खोलीत कोंडली की भिंतीला बुरशी धरते आणि पैसे खोलीच्या अनामतीतून जातात. सायकलला दिवा हवाच, नसला तर २० युरो दंड. नोंदणी झाल्यावर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल: घरामागे महिना १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. ते जाहिरात समजून फेकलं की थकबाकी साठते. सामायिक घरात एकानेच भरायचं असतं, तेव्हा आधी घरातल्यांना विचारावं.

प्रवासासाठी डॉइचलांडतिकेट नावाचं मासिक तिकीट चांगलं. २०२३ मध्ये ते महिना ४९ युरोंना निघालं, २०२५ मध्ये ५८ झालं, २०२६ पासून ६३. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पर्याय विद्यापीठात विचारावा. देशभरच्या ट्राम, बस आणि साध्या गाड्यांत चालतं, आयसीईसारख्या जलद गाड्यांत नाही. ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं, बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. विनातिकीट सापडलं तर ६० युरो. बासेल फ्रायबुर्गपासून जवळ आहे, मुलं सहज जातात, पण ते स्वित्झर्लंड. जर्मन सिमचं मोफत रोमिंग तिथे चालेलच असं नाही. सीमेआधी डेटा बंद करावा.

फोन निघण्यापूर्वी अनलॉक करून घ्या. अमेरिकन नंबर बंद करू नका. सगळ्यांत स्वस्त प्लॅनवर टाका, कारण अमेरिकन बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. वायफाय कॉलिंग अमेरिकेत असतानाच चालू करून तपासावं.

परत येताना क्रम उलटा. आधी शहरात नाव कमी करायचं, ते निघण्याच्या आठवडाभर आधीपासून करता येतं. तो दाखला दाखवून रेडिओ शुल्क आणि विमा बंद. बँक खातं मात्र सगळ्यांत शेवटी, कारण खोलीची अनामत परत यायला महिने लागतात आणि ती त्याच खात्यात येते.

तुमच्यात नि तिच्यात सहा तासांचं अंतर असेल, पण ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार या आठवड्यात पाचच, आणि मार्चमध्येही दोनतीन आठवडे तसंच. त्या दिवसांत तुमचा नेहमीच्या वेळेचा फोन तिला तासभर आधी जाईल, बहुतेक ती वर्गात असताना.